रक्तगटाचे अक्षर आणि ताटातले अन्न

विवाहाच्या टिपणात गोत्र, रास, नाडी आणि गण यांच्या जोडीला अलीकडे रक्तगटाचाही एक रकाना येऊन बसला आहे, आणि ज्या घरांत पत्रिकेवर कोणाचा विश्वास उरलेला नाही त्या घरांतही हा रकाना मोठ्या आस्थेने भरला जातो, ही गोष्ट ज्यांनी मुलामुलींची लग्ने जमविली आहेत त्यांच्या चांगल्या परिचयाची असेल. त्यात गैर असे काही नाही. आरएच निगेटिव्ह मातेच्या उदरी आरएच पॉझिटिव्ह अपत्य वाढत असेल तर ते डॉक्टरांना आगाऊ ठाऊक असणे हिताचेच असते, आणि त्यावर आज खात्रीचा उपायही आहे. परंतु या अक्षराला एकदा असा मान मिळाल्यावर ते रक्तपेढीच्या दप्तरात स्वस्थ बसून राहीना. त्याने स्वयंपाकघरावरही हुकूम सोडण्यास आरंभ केला. ओ गटाच्या माणसाने मांस खावे, ए गटाच्याने शाकाहार करावा, बी गटाच्याने दूधदुभते घ्यावे आणि एबी गटाच्याने या सर्वांतले थोडेथोडे उचलावे, असे तक्ते हल्ली सुशिक्षितांच्या घरी शीतकपाटाच्या दारावर चिकटविलेले आढळतात.

या मताचा प्रसार मुख्यतः पीटर डी-ॲडॅमो या अमेरिकन निसर्गोपचारकाच्या १९९६ साली निघालेल्या पुस्तकाने झाला. मूळ कल्पना त्याच्या वडिलांची, पण तिला उत्क्रांतीच्या इतिहासाचे भरजरी वस्त्र नेसविले ते मुलाने. त्याच्या प्रतिपादनाप्रमाणे ओ हा आद्य शिकारी मानवाचा गट, ए हा शेती करू लागलेल्यांचा, बी हा गुरे घेऊन भटकणाऱ्या टोळ्यांचा आणि एबी हा अगदी अर्वाचीन संकराचा. ज्या काळी तो गट उपजला त्या काळचे अन्न त्या गटाला मानवते, आणि न मानवणारे अन्न खाल्ल्यास त्यातील लेक्टिन नावाची प्रथिने रक्तपेशींच्या गुठळ्या करतात. चार राशी, चार भविष्ये आणि प्रत्येकात आपल्यापुरते काहीतरी पटण्याजोगे असल्यामुळे हे मत लोकांना राशिभविष्याप्रमाणेच पटते. भेद एवढाच की ज्योतिषी निदान आहारावर खर्च करावयास लावीत नाही.

रक्तगट म्हणजे नेमके काय, हे पाहिल्याखेरीज या मताची पारख होणार नाही. व्हिएन्ना येथील कार्ल लांडस्टायनर या शास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या अगदी आरंभी स्वतःचे आणि सहकाऱ्यांचे रक्त घेऊन एकाच्या रक्तपेशी दुसऱ्याच्या रक्तद्रवात मिसळून पाहिल्या, तेव्हा काही जोड्यांत पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे झाले आणि काहींत झाले नाहीत. त्या वर्तनावरून त्याने १९०१ साली रक्ताचे तीन वर्ग केले, चौथा एबी हा पुढच्याच वर्षी त्याच्या सहकाऱ्यांना सापडला, आणि १९३० साली लांडस्टायनरला नोबेल पारितोषिक मिळाले. या भेदाचे मूळ रक्तपेशीच्या पृष्ठभागावरील शर्करेच्या आखूड साखळीत आहे. ती पायाभूत साखळी, जिला एच असे म्हणतात, तशीच राहिली तर गट ओ. तिच्या टोकास एका प्रकारची शर्करा जडली तर ए. दुसऱ्या प्रकारची जडली तर बी. दोन्ही असल्या तर एबी. चार अक्षरांमधला सगळा फरक एवढाच. जठरातील पाचकरस, यकृताची कामगिरी, इन्सुलिनचे प्रमाण यांपैकी कशाचाही ताबा या टोकाच्या शर्करेकडे दिलेला नाही.

शिकारी आणि शेतकरी यांच्या कथेची अवस्था तर त्याहून बिकट आहे. ए आणि बी हे भेद माणसापुरते नसून वानरांतही आढळतात, आणि ते निदान दोन कोटी वर्षे टिकून आहेत असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या तुलनेवरून दिसून आले. शेती तर अवघी दहा-बारा हजार वर्षांपलीकडची. शिवाय आज जगात सर्वत्र आढळणारा ओ गट बहुतांशी ए गटाच्या जनुकातील एकच घटक गळाल्यामुळे ते निकामी होऊन उद्भवलेला आहे, हे १९९० साली जपानी शास्त्रज्ञ यामामोटो यांनी दाखविले. म्हणजे ज्याला आद्य पुरुष म्हणून पाटावर बसविले, तो वस्तुतः नंतर आलेला आणि काहीसा उणा भाऊ निघाला.

पण इतिहास बाजूस ठेवून एखाद्या गृहिणीने व्यवहाराच्या दृष्टीने विचार केला तरी तिला यातील विसंगती ध्यानात येईल. वडिलांचा गट ए आणि आईचा बी असून दोघांकडेही ओचे जनुक सुप्त असेल, तर त्यांच्या चार मुलांचे चार वेगवेगळे गट होऊ शकतात. एकाच आईबापांच्या, एकाच मातीत वाढलेल्या, एकाच जेवणावर पोसलेल्या या भावंडांचे पूर्वज मात्र, या मताप्रमाणे, एकाचे शिकारी, दुसऱ्याचे शेतकरी, तिसऱ्याचे धनगर आणि चौथ्याचे कोणीच नव्हेत असे मानावे लागेल. आणि आईने चार चुली मांडाव्यात, हा त्याचा पुढचा अर्थ.

लेक्टिनांविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या मतातला एवढाच भाग संपूर्ण काल्पनिक नाही, आणि त्याचा सर्वांत नामांकित दाखला आपल्या कोकणातल्या शिंकाळ्यात सापडतो. भारतातील लष्करी वैद्यकीय सेवेत असलेल्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी १९५१ साली कुळथाच्या अर्कात असा एक पदार्थ असल्याचे प्रसिद्ध केले की, जो ए गटाच्या रक्तपेशींना एकत्र चिकटवितो आणि त्यातही ए-१ या प्रमुख उपगटाला विशेष ओळखतो. त्यानंतर जगभरच्या रक्तपेढ्यांतून ए-१ आणि ए-२ यांची निवड करण्यासाठी कुळथाचा हा अर्क वापरला जाऊ लागला. काचपट्टीवर ए-१ रक्ताचा थेंब घेऊन त्यात अर्क मिसळून पट्टी हलकेच कलती केली की एकसारख्या लाल द्रवाचे पाहता पाहता विटकरी कण होतात आणि भोवतालचे पाणी निवळते. आता डी-ॲडॅमोचे म्हणणे खरे असते, तर ज्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुळथाची पिठी आणि भात हे पिढ्यान्‌पिढ्यांचे रात्रीचे जेवण, तेथील ए गटाच्या निम्म्या मंडळींनी केव्हाच इहलोकीची यात्रा संपविली असती! तसे होत नाही, याचे कारण काचपट्टी आणि माणूस यांच्यामध्ये चूल आणि आतडी येतात. कुळीथ भाजून, दळून, उकळून त्याची पिठी होईपर्यंत लेक्टिनाचा बराचसा जोर उतरतो, उरलेल्यावर पाचकरस काम करतात, आणि जे रक्तापर्यंत पोहोचतच नाही ते रक्ताच्या गुठळ्या करणार कोठून? राजम्यासारख्या काही शेंगांतील लेक्टिने कच्च्या स्थितीत खरोखर बाधतात, उलट्या-जुलाब होतात. पण ती सर्व गटांना निःपक्षपातीपणे बाधतात, आणि राजमा भिजवून खळखळून शिजविला की त्यांचा बंदोबस्त होतो.

आधुनिक पद्धतीने या मताची परीक्षाही झालेली आहे. २०१३ साली बेल्जियममधील संशोधकांनी तोवरचे सर्व प्रसिद्ध वाङ्मय धुंडाळले, तेव्हा रक्तगटानुसार आहार घेतल्याने लाभ होतो याला आधार म्हणून रुजू करता येईल असा पुरावा त्यांना मिळाला नाही. पुढल्या वर्षी टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी १,४५५ लोकांचा आहार आणि रक्त तपासले. त्यांना आढळले ते मोठे मौजेचे होते: ए गटासाठी सांगितलेला भाज्या-फळांचा आहार ज्यांनी घेतला त्यांचे वजन, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांची स्थिती चांगली होती, परंतु ती ए गटाच्या लोकांत जितकी चांगली तितकीच इतर गटांच्या लोकांतही. या आहाराने आपल्याला गुण आला असे जे सांगतात ते खोटे बोलत नाहीत. मैदा, साखर आणि तळण सोडून भाजीपाला खाणाऱ्या कोणालाही गुण येतो, त्याचे श्रेय मात्र भलत्याच्या नावे जमा होते. गटाचा आणि काही रोगांचा थोडाफार संबंध आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. ओ गटाच्या रक्तात गोठण्यास साहाय्य करणारे एक प्रथिन कमी असल्यामुळे नसांत गुठळी होण्याचा धोका त्यांना काहीसा कमी असतो आणि आतड्याच्या आरंभीच्या भागातील व्रण त्यांच्यात काहीसा अधिक आढळतो. पण त्यावरून कोणी काय जेवावे, हे ठरत नाही.

या सर्व युक्तिवादाहून अधिक निर्णायक साक्ष, माझ्या मते, परळने दिलेली आहे. १९५२ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न असलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि त्यांचे सहकारी यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात असे रक्त असलेल्या व्यक्तींची माहिती प्रसिद्ध केली की, ज्यांच्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि ज्याच्यावर हे दोन्ही रचले जातात ती एच साखळीही नाही. नेहमीच्या तपासणीत हे रक्त ओ म्हणून खपून जाते, परंतु ओ गटाचे रक्तही या लोकांना चालत नाही. त्यांना त्यांच्याच गटाचे लागते. या गटाला जगभर बॉम्बे रक्तगट म्हणतात, आणि आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक या प्रमाणात तो आढळतो. रक्त चढविण्याची वेळ आली की या माणसांची मोठी पंचाईत होते, दात्यांच्या याद्या धुंडाळाव्या लागतात. पण ती वेळ येईपर्यंत ती तुमच्याआमच्यासारखीच भाकरी, मासळी, वरणभात खाऊन धडधाकट हिंडत असतात. ज्या शर्करेच्या आधारावर चार आहार बेतले, ती शर्करा पायासकट नाहीशी झाली तरी पचनाचे काही एक बिघडत नाही.

आता त्याच परळात, थोड्याच अंतरावर, जुन्या राजभवनाच्या वास्तूत असलेल्या हाफकिन संस्थेत त्याआधी वीसएक वर्षे काय घडले ते पाहावे, म्हणजे अन्नाचे आणि रक्ताचे खरे नाते कोठे आहे ते उमजेल. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. कापडगिरण्यांच्या वस्तीतील गरीब गर्भवती स्त्रियांना त्या काळी एक भयंकर पांडुरोग होत असे. चेहरा पांढराफटक पडे, पायांना सूज येई, दम लागे आणि पुष्कळदा आई आणि मूल दोन्ही हातचे जात. सूक्ष्मदर्शकाखाली या स्त्रियांच्या रक्तपेशी संख्येने थोड्या पण आकाराने फाजील मोठ्या दिसत. प्रथम संसर्गाचा संशय आला. तो तपासान्ती निराधार ठरला. मग विल्सबाईंनी घरोघरच्या जेवणाचा तपशील मिळविला, आणि त्यांच्या लक्षात आले की हा रोग ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे आणि प्रथिने जवळजवळ नाहीत अशा स्त्रियांतच बळावतो.

त्यांनी तसेच निकृष्ट अन्न प्रथम उंदरांना व पुढे माकडांना घालून रोग उत्पन्न केला आणि एकामागून एक पदार्थ देऊन पाहिले. ज्या माकडाची आशा सुटत चालली होती ते अखेर सुधारले ते मार्माइटने; मार्माइट म्हणजे मद्यनिर्मितीत उरलेल्या किण्वापासून केलेला, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो काळा, खारट आणि अगदी स्वस्त लेप. तोच गर्भवती स्त्रियांना दिल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, आणि १९३१ साली ही हकिकत प्रसिद्ध झाली. त्यातील गुणकारी द्रव्य कोणते, हे मात्र विल्सबाईंना सांगता आले नाही. दहा वर्षांनी अमेरिकेत पालकाच्या पानांतून ते निराळे काढण्यात आले, त्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले, आणि १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या मंडळींचे नेतृत्व यल्लाप्रगडा सुब्बाराव या तेलुगू शास्त्रज्ञाकडे होते. आज गर्भवती स्त्रीला सरकारी दवाखान्यात जी गोळी मिळते तिच्यात लोहाबरोबर हे द्रव्य असते. तिची पहिली वाट परळमधून गेली, हे आपल्यापैकी कितीजणांना माहीत असते कोण जाणे.

फॉलिक आम्लाचे एक भावंड आहे, ते म्हणजे बी-१२ जीवनसत्त्व. त्याच्या अभावीही रक्तपेशी तशाच थोराड होतात, पण त्याखेरीज हातापायांस मुंग्या येतात, तोल जातो, स्मरण मंदावते. आणि नुसते फॉलिक आम्ल दिले तर रक्त सुधारल्याचा भास होऊन मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते, म्हणून या दोहोंतील भेद ओळखणे आवश्यक असते. वनस्पतींपासून हे जीवनसत्त्व मिळत नाही. मांस, मासे, अंडी आणि काही अंशी दूध-दही यांतूनच ते येते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी पुणे व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा दर तिघांतील दोघांच्या रक्तात हे जीवनसत्त्व उणे आढळले. शाकाहार सोडावा असा याचा अर्थ नव्हे. दूध-दह्यात हात आखडू नये, आणि तपासणीत उणीव निघाली तर गोळी किंवा इंजेक्शन घेण्यात कमीपणा मानू नये, इतकेच.

सर्वांत मोठा प्रश्न अर्थात लोहाचा. प्रौढ शरीरात लोह असते अवघे तीन-चार ग्रॅम, आणि त्याचा मोठा भाग रक्तातील हिमोग्लोबिनात गुंतलेला असतो. रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगते. दर सेकंदाला वीसएक लाख पेशी मरतात आणि तितक्याच नव्या होतात. मेलेल्या पेशींतील लोह शरीर टाकून देत नाही, प्लीहेत आणि यकृतात ते सोडवून पुन्हा वापरते, त्यामुळे बाहेरून रोज भरावे लागते ते एक-दोन मिलिग्रॅमच. हा जमाखर्च पुरुषांचा सहसा जमतो. मासिक रक्तस्राव, गर्भारपण आणि बाळंतपण यांमुळे स्त्रियांचा तुटीत जातो, आणि अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या आतड्यांतील अंकुशकृमी आणखी रक्त पितात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या. त्या चारही रक्तगटांच्या असणार, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्या धान्य-कडधान्यांत लोह नसते असे नाही. बाजरीत शंभर ग्रॅमला सहा मिलिग्रॅमच्या आसपास, अळिवात आणि तिळात त्याहून अधिक असते. अडचण अशी की वनस्पतींतील लोह शरीर नाखुशीने घेते, शंभर भागांपैकी जेमतेम पाच-आठ. मांसमच्छीतील लोह त्याच्या कितीतरी पट सहज शोषले जाते. म्हणून किती लोह खाल्ले यापेक्षा ते कशाबरोबर खाल्ले याला महत्त्व येते. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्वाने शोषण वाढते. कांदेपोह्यांवर लिंबू पिळण्याचा शिरस्ता जिभेसाठी पडला असेल, पण रक्तालाही तो मानवतो. कडधान्याला मोड आणले किंवा पीठ आंबविले की लोह अडकवून ठेवणारे द्रव्य कमी होते. उलट जेवताना किंवा जेवल्याबरोबर घेतलेला चहा लोहाचे शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. आणि लोखंडी कढई! तीत आमसूल किंवा चिंच घातलेली आमटी केली की रंग काळपट येतो म्हणून सुना नाके मुरडतात. तो काळेपणा कढईतले लोह आमटीत उतरल्याचा आहे. स्टेनलेस स्टील आणि न चिकटणारी भांडी आली आणि ही फुकटची भर बंद झाली.

याउलट जे जे लाल ते ते रक्तवर्धक, ही समजूत बीट आणि डाळिंब विकणाऱ्यांच्या पथ्यावर पडलेली आहे. दोन्ही पदार्थ उत्तम आहेत, पण दोहोंतही शंभर ग्रॅमला लोह एक मिलिग्रॅमच्या आत. बीटाचा लाल रंग हिमोग्लोबिनाचा नातेवाईक नव्हे.

रक्ताच्या आनुवंशिक जातीवरून पथ्य ठरते अशी उदाहरणे आहेत, पण ती ए-बी-ओ या अक्षरांत सापडणार नाहीत. जी-६-पीडी नावाच्या विकराची ज्यांच्यात जन्मजात कमतरता असते, आणि आपल्याकडे पारशी समाजात ती तुलनेने अधिक आढळते, त्यांनी बाकला ही शेंग खाल्ल्यास रक्तपेशी भराभर फुटून कावीळ होऊ शकते. काही औषधांनीही तेच होते. थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन थोडे कमी व पेशी लहान असतात, त्यावरून लोहाची तूट समजून त्याला वर्षानुवर्षे गोळ्या चारल्या जातात आणि गुण येत नाही. म्हणून लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने न घेता आधी फेरिटिनची, आणि शंका असल्यास हिमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी करून घ्यावी. तूट खरी असेल तर गोळी चहा-दुधाबरोबर न घेता लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी; शौचास काळे होते त्याने घाबरू नये; मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घ्यावी. आणि हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्याचा कागद हाती आला म्हणून लगेच बंद करू नये, कारण त्या वेळी रक्त भरलेले असले तरी शरीरातली कोठारे रिकामीच असतात; ती भरण्यास आणखी तीनएक महिने लागतात.